भाड्याची गाडी आणि कार्ल्याचा थांबा

मुंबईहून पुण्यास जाण्याकरिता भाड्याची मोटार ठरविताना बोलणे बहुधा चार गोष्टींचे होते. भाडे किती, टोल कोणी भरावयाचा, गाडी एकेरी की जाऊन-येऊन, आणि दारात किती वाजता येणार. पाचवी एक गोष्ट असते, ती घाट चढून गेल्यावर आठवते. गाडीतील कोणी वडील माणूस म्हणतो, "इथवर आलोच आहोत, तर कार्ल्याची लेणी पाहून जाऊ." चालक आरशातून मागे पाहतो आणि विचारतो, "काका, हे बोलण्यात नव्हतं. किती वेळ लागेल?"

त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला पुण्यास पोचून दुसरे भाडे गाठावयाचे असते, आणि उभ्या गाडीचे चाक पैसे मिळवीत नाही. पण काकांचे म्हणणेही खोटे नाही. स्वतंत्र गाडीचे पूर्ण भाडे भरावयाचे ते मनास येईल तेथे उतरता यावे म्हणूनच ना? या दोघांतील ही ओढाताण मोटारीबरोबर जन्मास आली असे कोणास वाटेल, तर तसे नाही. बोरघाटाच्या वाटेवर ती निदान दोनशे वर्षांची आहे. त्या वाटेवरचा थांबा पूर्वी फुकट मिळे आणि आता मागून घ्यावा लागतो, तो का, हे आज मी सांगणार आहे.

पेशवाईच्या अखेरच्या काळात मुंबईचा मनुष्य पुण्यास निघे, तो प्रथम होडीत बसे. मुंबई हे बेट, त्यामुळे पनवेलच्या बंदरापर्यंत खाडीतून जावयाचे आणि तेही वारा नि भरती-ओहोटी पाहून. पनवेलीस उतरल्यावर ऐपतीप्रमाणे पालखी, मेणा, तट्टू किंवा बैल, आणि ऐपत नसल्यास स्वतःचे पाय. पालखी घरची असणारे थोडे. बाकीचे भोई भाड्यानेच घेत. म्हणजे स्वतंत्र वाहन भाड्याने घेऊन शहराहून शहरास जाण्याची रीत आपल्याकडे पेट्रोलच्या पुष्कळ आधीची आहे. त्यात फरक इतकाच की इंजिनाच्या जागी आठ-दहा माणसांचे खांदे असत आणि तापलेले इंजिन थंड करण्यासाठी गाडी उभी करावी, तसे हे खांदे उतरविण्यासाठी पालखी उभी करावी लागे.

या उभे राहण्याच्या जागाही ठरल्यासारख्या होत्या. पहिली खोपोली. घाटाच्या पायथ्याशी नाना फडणिसांनी तेथे मोठा दगडी तलाव आणि महादेवाचे देऊळ बांधविले. ते दोन्ही आजही आहेत. पण द्रुतगती मार्गाने जाणाऱ्यास ते दिसत नाहीत. नानांना धर्म जसा कळत होता तसाच व्यवहारही कळत होता. घाट चढण्यापूर्वी माणसांस व जनावरांस पाणी हवे, आणि घाट उतरून आलेल्यांस तर सावलीही हवी. दुसरी जागा घाटमाथ्यावरची, म्हणजे खंडाळा. आणि तेथून पुढे सपाटीला लागल्यावर साहजिक मुक्काम पडे तो कार्ल्याच्या आसपास. सामान मागून येई, भोई जेवण करीत, आणि मालक मंडळींस रिकामा वेळ मिळे. त्या रिकाम्या वेळात डोंगरावरील लेणे पाहून येण्यास कोणाची परवानगी काढावी लागत नसे.

परदेशी प्रवाशांच्या लिखाणात कार्ल्याचे वर्णन इतक्या लवकर का आले, याचे एक कारण मला हेच दिसते. लॉर्ड व्हॅलेन्शिया १८०४ साली दुसऱ्या बाजीरावाच्या भेटीस पुण्यास गेला, तेव्हा त्याच्यासोबत हेन्री सॉल्ट नावाचा चित्रकार होता. त्याने चैत्याचा नकाशा काढला. मराया ग्रॅहम ही इंग्रज बाई १८०९ च्या डिसेंबरात याच वाटेने गेली आणि १८१२ मध्ये छापलेल्या आपल्या रोजनिशीत तिने या लेण्याविषयी लिहिले. बिशप हेबर हे १८२५ साली आले. ही मंडळी पुण्यासच निघाली होती, केवळ लेणी पाहण्याच्या निश्चयाने नव्हे. कार्ले त्यांच्या वाटेत होते आणि वाट त्यांना घाईने पुढे जाऊ देत नव्हती.

थांबण्याचे पैसे मात्र तेव्हाही पडत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशाच्या पुष्कळ भागांत पोस्ट खात्याच्या व्यवस्थेने पालखीची डाक मिळू लागली. प्रवाशाने आगाऊ कळवावयाचे, मग टप्प्याटप्प्यावर भोयांची ताजी टोळी त्याची वाट पाहत उभी राही. पण प्रवाशाने वाटेत रेंगाळून त्या टोळीस ताटकळत ठेवले, तर त्याचा निराळा आकार असे आणि त्यासाठी निघण्यापूर्वीच अनामत रक्कम भरून घेत. आज गाडी ठरविताना 'थांबण्याचे तासाला इतके' असे ऐकून ज्यांच्या कपाळास आठ्या पडतात, त्यांनी आपल्या पणजोबांच्या पणजोबांसही हा आकार पडत होता हे ध्यानात घ्यावे.

घाटाचा रस्ता सुधारला तो प्रथम प्रवाशांच्या सोयीसाठी नव्हे, लष्कराच्या सोयीसाठी. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्यावर चालून आली आणि वडगावास मराठ्यांपुढे तिला हात टेकावे लागले. त्याच मोहिमेत कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. शत्रू असूनही त्याच्या शौर्याची वाखाणणी मराठ्यांनी 'इष्टुर फाकडा' या नावाने केली आणि वडगावास त्याची समाधी आहे. वाटेतील थांब्यांत ही समाधी कोणी धरीत नाही. धरावी असे मला वाटते. शत्रूस असे लाडके नाव देण्याचा मोठेपणा इतिहासात फारसा आढळत नाही. असो. तो अनुभव इंग्रज विसरले नाहीत. १८०४ मध्ये जनरल वेलस्ली याने रस्ता दुरुस्त करविला आणि पेशवाई बुडाल्यानंतर बारा वर्षांनी, १० नोव्हेंबर १८३० रोजी, गव्हर्नर सर जॉन माल्कम याने गाडीरस्ता खुला केला. काम थोडे अपुरेच होते. तरी तो आपल्या मंडळींसह घोडागाड्यांतून घाट उतरून गेला. चाकाचे वाहन बोरघाटातून सुखरूप जाऊ लागले ते तेव्हापासून. पालखी लगेच गेली नाही, पण तिचे दिवस भरत आले.

यानंतरची तीस वर्षे मोठी मौजेची आहेत, कारण जुने नि नवे एकाच वाटेवर हातात हात घालून चालत होते. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली. १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग तयार झाला. मध्ये राहिला तो घाट! तेव्हा पाच वर्षेपर्यंत मुंबईचा प्रवासी खोपोलीस आगगाडीतून उतरे, पालखी, तट्टू किंवा गाडी भाड्याने करून घाट चढे, आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडीत बसे. खोपोलीच्या स्टेशनाबाहेर त्या काळी भोयांची नि गाडीवानांची काय झुंबड उडत असेल, याची कल्पना आजच्या कोणत्याही स्टेशनाबाहेर उभे राहिल्यास येते.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटातील लोहमार्ग सुरू झाला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे. काम ऐन भरात असताना तेथे ४०,००० हून अधिक मजूर एका वेळी खपत होते, आणि त्यांतील कितीतरी पटकीने नि अपघातांनी मेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ मध्ये येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका पुढे चालविला. या घाटावर मुलांना धडा देताना बोगद्यांची संख्या सगळी शाळा पाठ करते. ॲलिसबाईंचे नाव मात्र एखाद्याच वर्गात निघते.

प्रवाशाच्या दृष्टीने या दिवशी घडलेली मोठी गोष्ट अशी की वाहन भाड्याने घेण्याच्या जागी तिकीट आले. तिकीट स्वस्त, तिकीट सर्वांना सारखे, तिकिटास भोयाशी हुज्जत लागत नाही. ज्या गरिबास पालखी जन्मात परवडली नसती तो पुण्यास बसून जाऊ लागला. हे पुण्य आगगाडीच्या पदरी घातलेच पाहिजे. पण तिकिटाच्या मागे मालकी नसते. गाडी कोठे थांबावी हे वेळापत्रक ठरविते. १ जून १९३० रोजी, म्हणजे माल्कमच्या रस्त्यास शंभर वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, डेक्कन क्वीन धावू लागली आणि 'न थांबणे' हाच प्रवासाचा गुण मानला जाऊ लागला. कार्ल्याच्या पायथ्याचे मळवली स्टेशन खिडकीतून झर्रकन मागे पडू लागले. ज्यास लेणे पाहावयाचे त्याने मुद्दाम लोकल धरून मळवलीस उतरावे आणि चालत जावे. पुण्यास जाता जाता नव्हे.

मोटार आली तेव्हा हा गेलेला हक्क परत येईल असे वाटले असावे. मुंबईस १८९८ च्या सुमारास खासगी मोटारी दिसू लागल्या आणि १९११ मध्ये भाड्याच्या टॅक्सी आल्या. पुढे मुंबई-पुणे टॅक्सीचा जो धंदा उभा राहिला, तो मध्यम स्थितीतील माणसाने चांगला ओळखला. दादरला नि पुणे स्टेशनाबाहेर टॅक्सी उभ्या असत, चार प्रवासी जमले की गाडी सुटे. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनू लागलेली फियाट डिलाइट, जिचे पुढे पद्मिनी असे नामकरण झाले, ती या वाटेने लक्षावधी वेळा गेली असेल. त्या पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतून निवृत्त झाली.

पण ही टॅक्सी 'सीटवर' घेतलेली होती, आणि सीट घेणाऱ्यास अर्धी मालकीही नसते. शेजारचा गृहस्थ कोर्टाच्या तारखेस निघालेला, पुढच्या बाईंना माहेरचे बारसे गाठावयाचे. त्यांना तुम्ही लेणे पाहावयास थांबवाल कसे? थांबा व्हावयाचा तो चालकाच्या पसंतीच्या उपाहारगृहापाशी, चहा आणि बटाटेवड्यापुरता. जुन्या घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणारा हा धनगर, आणि वाट कळल्यावर त्यांनीच त्यास मारले, अशी लोककथा आहे. तेथून जाताना चालक वेग थोडा कमी करून नाणे टाकीत नि हात जोडीत. गाडी पुरती थांबत नसे, पण एवढा मान त्या वाटेवर त्यास मिळत होता.

१९७३ च्या सुमारास ठाण्याच्या खाडीवर वाशीजवळ पूल झाला. २००० मध्ये द्रुतगती मार्गाचा पहिला भाग खुला झाला आणि २००२ मध्ये साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा सबंध मार्ग पुरा झाला. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून समुद्र ओलांडणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू सुरू झाला. ज्या पाण्यावर आपले पूर्वज भरतीची वाट पाहत बसत, ते आता मोटारीने काही मिनिटांत मागे पडते. घाटातील ज्या जुन्या दगडी पुलास बामाच्या जाहिरातीवरून 'अमृतांजन' हे नाव चिकटले होते, तो २०२० च्या एप्रिलात पाडण्यात आला. वाहतुकीच्या दृष्टीने ते योग्यच झाले असेल. नव्या मार्गाविरुद्ध मला काहीच म्हणावयाचे नाही. आजारी माणसास पुण्याहून मुंबईच्या रुग्णालयात न्यावे लागते त्या वेळी त्याचे मोल कळते. एवढेच सांगावयाचे की प्रत्येक सुधारणेने थांबण्याचे एकेक कारण काढून घेतले. भरती गेली, भोई गेले, तापणारे इंजिन गेले. आता कार्ल्यास थांबण्यास सक्तीचे एकही कारण उरले नाही. उरली ती आपली इच्छा, आणि ती आधी बोलून ठेवावी लागते.

आता ज्यासाठी थांबावयाचे त्या लेण्याकडे वळू. कारण हे लेणेच मुळी थांबणाऱ्यांनी उभे केलेले आहे.

सोपारा नि कल्याण या बंदरांतून देशावर जाणारा व्यापार बोरघाटाने चढत होता, त्या काळचे, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे काम आहे. या जागेचे जुने नाव लेखांत 'वलूरक' असे येते आणि मावळास 'मामाल' म्हटले आहे. पावसाळ्यात भिक्षूंनी एका ठिकाणी राहावे, व्यापाऱ्यांनी जाता-येता दान करावे, अशी ती व्यवस्था. सबंध चैत्य कोणा एका राजाने खोदविला नाही. वाटेने जाणाऱ्या नि दूरदूर राहणाऱ्या अनेकांनी एकेक भाग वाटून घेतला. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल याच्या लेखात या शैलगृहास सबंध जंबुद्वीपात उत्तम म्हटले आहे, आणि तो फुशारकी मारतो असे आत गेल्यावर वाटत नाही. दारासमोरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणक याचा. आतील खांबांपैकी कित्येक धेनुकाकट येथील यवनांनी दिले. एका खांबावर सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भिक्षूचे नाव आहे. सोपारा म्हणजे आजच्या वसई-विरारच्या बाजूचे नालासोपारा. तेव्हा मुंबईकडून येऊन कार्ल्यास थांबलेल्यांपैकी नावाने ठाऊक असलेला हा एक फार जुना प्रवासी म्हणावयास हरकत नाही. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले. पुढे सत्ता सातवाहनांकडे आल्यावर त्यांनी ते गाव पुन्हा भिक्षूंसच दिले. राज्ये बदलली तरी वाटेवरच्या या मुक्कामाची सोय कोणी मोडली नाही.

चैत्य सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि तितकाच उंच आहे. खांब एकंदर ३७. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा, त्यांच्या माथ्यावर हत्ती नि त्यांवर बसलेली जोडपी; स्तूपामागील सात अगदी साधे, अठकोनी. छतास लाकडी फासळ्या आहेत, आणि स्तूपावरचे छत्रही लाकडाचे. दगडात कोरलेल्या घरास लाकडाचा आधार लागत नाही. पण कारागिरांच्या डोळ्यांसमोर लाकडी घर होते, म्हणून त्यांनी ते तसे केले. दाराच्या लेखात सामी नावाच्या सुताराचे, वेणुवासाच्या मुलाचे, नाव आहे. राजे, महारठी आणि श्रेष्ठी यांच्या पंक्तीस सुताराचे नाव बसविणारी ही जागा आहे.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू अशा कित्येक घराण्यांना कार्ले हा वाटेतला थांबाच नव्हे. तेथे एकवीरा आईचे देऊळ आहे आणि त्यांचा प्रवास तेथेच पुरा होतो. मुंबईच्या कोळीवाड्यांतून चैत्राच्या यात्रेस आणि नवरात्रात गाड्यांच्या रांगा लागतात त्या देवीसाठी. देऊळ नेमके चैत्याच्या दारापुढे आहे. नवस फेडून निघालेली मंडळी कित्येकदा दहा पावलांवरील चैत्यात डोकावतही नाहीत, आणि लेणी पाहावयास आलेले विद्वान देवीकडे पाठ करून उभे राहतात. दोघांचेही थोडे राहून जाते.

तेव्हा गाडी ठरवितानाच सांगावे की कार्ल्यास दोन तास थांबावयाचे आहे, आणि त्याचे पैसे भाड्यात धरून घ्यावेत. एक तासात काम होत नाही. वेहेरगावापासून पायऱ्या चढावयास नि उतरावयासच वडीलधाऱ्यांचा बराच वेळ जातो. द्रुतगती मार्ग लोणावळ्यापाशी सोडून जुन्या रस्त्यावर यावे लागते आणि कार्ला फाट्यास वळावे लागते, हे चालकास आधीच ठाऊक असलेले बरे; नाहीतर पुढे परत फिरणे जड जाते. सीटवरची गाडी असेल तर हा विचारच सोडावा. शिवाय, शक्य असेल तर थांबा जाताना न घेता पुण्याहून परतताना घ्यावा. चैत्याचे तोंड पश्चिमेस आहे. सकाळी मुंबईहून निघून पोचणाऱ्यास आत अंधूकच दिसते, तो चाचपडतो नि लवकर बाहेर पडतो. दुपार कलल्यावर, लेणी बंद होण्यापूर्वी तासभर हाताशी ठेवून गेल्यास, दारावरच्या घोड्याच्या नालासारख्या मोठ्या कमानीतून ऊन आत उतरते, आणि मग हत्तींवरची जोडपी एकेक करून दिसू लागतात.